स्टीन्सच्या पश्चिम उतारावर: माती, हिम आणि सेजब्रशच्या नोंदी

२ मार्च

कामाला आज कागदावर सुरुवात. जागा अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातली: हार्नी काउंटी, स्टीन्स पर्वत. माथा २,९६७ मीटरवर आहे, पण पश्चिमेकडून गाडीने येणाऱ्याला पर्वत असा दिसतच नाही, नुसता न संपणारा चढ लागतो. भूकवचाचा एक प्रचंड तुकडा भ्रंशरेषेवर एका अंगाने उचलला गेला आणि तसाच तिरका राहिला. पश्चिमेला सावकाश उतरत जाणारी पाठ, पूर्वेला एकदम तुटलेला कडा. कड्याच्या पायथ्याशी आल्व्हर्डचं वाळवंट, माथ्यापासून १,७०० मीटरहून जास्त खाली.

प्रकल्प असा: पश्चिम उतारावरच्या कुरणांची जी साइट-वर्णनं आधीपासून आहेत, ती जागेवर जाऊन ताडून पाहायची. प्रत्येक वर्णनात तीन गोष्टी येतात. माती कोणती, हवामान कसं, आणि माणसाने फार ढवळाढवळ केली नसती तर तिथे काय वाढलं असतं. पहिल्या दोन मोजता येतात. तिसरी मोजता येत नाही, आणि सगळी भांडणं तिच्यावरूनच होतात.

खडक जवळपास सगळा बेसाल्ट, सुमारे १ कोटी ६६ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मराठी वाचकाला बेसाल्ट म्हटलं की उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन आठवेल. इथे ती शोधू नये. खडक त्याच जातीचा, पण पाणी येण्याची वेळ निराळी, थंडी निराळी, शिवाय वरून पडलेली ज्वालामुखीची राख आणि वाऱ्याने आणलेली धूळ यांची भर. राखेतली मोठी भर माउंट मझामाची. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी तो डोंगर फुटून खचला. त्या खळग्यात आज क्रेटर लेक आहे. त्याची राख स्टीन्सवरच्या तळ्यांच्या गाळात थर म्हणून सापडते. उतारावरच्या मातीत मात्र ती बहुतेक ठिकाणी बिळं करणाऱ्या प्राण्यांनी आणि बर्फाच्या गोठण्या-वितळण्याने कालवून टाकली आहे.

९ मार्च

दिवसभर हवामानाचे तक्ते. जुन्या वर्णनांत साइटची नावंच पावसावरून पडली आहेत: ‘लोमी १२–१६’, ‘क्लेपॅन १२–१६’. म्हणजे पोयट्याची जमीन किंवा तळाशी चिकणमातीचा थर असलेली जमीन, आणि वर्षाकाठी १२ ते १६ इंच, साधारण ३०० ते ४०० मिलिमीटर पाणी. बोलायला सोयीचं नाव. पण वार्षिक बेरजेत पाणी कधी आलं हे हरवतं, आणि या डोंगरावर खरा प्रश्न तोच आहे.

इथलं पाणी मुख्यतः नोव्हेंबर ते मे या काळात येतं, तेही बरंचसं हिमाच्या रूपात. प्रशांत महासागराकडून येणारी हिवाळी वादळं आधी कॅस्केड रांगेवर रिकामी होतात आणि उरलंसुरलं घेऊन इथवर पोचतात. उन्हाळ्यात जास्त दाबाचा पट्टा वर सरकतो आणि त्या वादळांची वाट बंद होते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारची एखादी गडगडाटी सर येते. तिच्यात पाण्यापेक्षा विजा जास्त.

याचा परिणाम सरळ मुळांवर होतो. हिवाळ्यात झाडं जवळजवळ झोपलेली, बाष्पीभवन नगण्य. त्यामुळे वितळलेलं पाणी कोणी न पिता खोल उतरतं. मग खोल मुळांचं झुडूप जिंकतं. हेच पाणी उन्हाळी सरींनी आलं असतं तर वरच्या वीतभर मातीत राहिलं असतं आणि दाट, उथळ मुळांच्या गवताची चंगळ झाली असती. अमेरिकेच्या मध्यातली मैदानं गवताची आणि ग्रेट बेसिन, म्हणजे स्टीन्ससह पश्चिमेतला हा कोरडा प्रदेश, झुडपांचा, यामागचं एक मोठं कारण हेच. बेरीज सारखी आली तरी वनस्पती सारखी येत नाही.

मृदावर्गीकरणात अशा ओलाव्याला ‘झेरिक’ म्हणतात. व्याख्या वाचायला कंटाळवाणी आहे, पण आपल्याला कामाची: दक्षिणायन लागल्यावरच्या चार महिन्यांत मातीचा ठरावीक पट्टा सलग ४५ किंवा जास्त दिवस पूर्ण कोरडा, आणि उत्तरायण लागल्यावरच्या चार महिन्यांत सलग ४५ किंवा जास्त दिवस पूर्ण ओला. पोयटा-चिकणमातीत हा पट्टा ढोबळमानाने १० ते ३० सेंटिमीटर खोलीचा. त्यापेक्षाही कोरडं असेल तर ‘अ‍ॅरिडिक’. पायथ्यापासून वर जाताना अ‍ॅरिडिक संपून झेरिक कुठे सुरू होतं, ती सीमा आखणं हे आपलं निम्मं काम.

हिमाचे आकडे स्नोटेल केंद्रांवरून घेतले. जमिनीवर द्रव भरलेली मोठी उशी असते. तिच्यावर साठलेल्या हिमाचं वजन दाबातून कळतं, आणि वजनावरून पाणी. हिमाची उंची फसवी असते. ताजं भुसभुशीत हिम हातभर साचलं तरी त्यात पाणी जेमतेम दहावा हिस्सा, आणि वसंतातल्या दडपलेल्या हिमात कधीकधी चाळीस टक्क्यांच्या आसपास. ही केंद्रं पूर्वी आपला निरोप कसा पाठवायची ते आज समजलं: आकाशात सतत जळणाऱ्या बारीक उल्कांच्या विद्युतभारित रेघांवरून रेडिओ-लहरी परावर्तित करून. आता उपग्रह आणि मोबाइलचं जाळं आलं आहे. काम सोपं झालं, मजा गेली.

२८ मे

वरचा रस्ता अजून बंद, फाटकाला कुलूप. हिम उतरल्याशिवाय आणि चिखल वाळल्याशिवाय ते उघडत नाहीत, आणि तेच बरोबर. ओल्या मातीत गेलेलं चाक कैक वर्षं दिसत राहतं.

म्हणून पायथ्याच्या फ्रेंचग्लेन गावाच्या वरचा खालचा उतार पाहिला. इथला सेजब्रश, म्हणजे या मुलखाचं ओळखीचं करडं झुडूप, वायोमिंग उपजातीचा: गुडघ्याच्या थोडा वर, माथा ओबडधोबड, फांद्या वेड्यावाकड्या. माती फिकट तपकिरी, वर सेंद्रिय अंश कमी. अर्ध्या मीटरच्या आत पांढऱ्या रेषा दिसू लागल्या. पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले, फसफसली. चुना. हिवाळ्यात पाणी चुन्याला एवढ्या खोलीपर्यंतच नेऊ शकलं, पुढे न्यायला ते उरलंच नाही. खालच्या साइटवर पाणी सरासरी किती खोल मुरतं याची ही हजारो वर्षांची नोंद आहे, आणि तक्त्यांपेक्षा माझा हिच्यावर जास्त विश्वास.

झुडपांच्या मधल्या मोकळ्या जागा नीट पाहण्यासारख्या आहेत. लांबून उघडी माती वाटते. भिंग लावलं तर काळपट, खडबडीत साय दिसते: नीलहरित जीवाणू, दगडफूल, आणि पाणी शिंपडताच हिरवं होणारं शेवाळ. जीवाणूंचे चिकट धागे मातीचे कण बांधून ठेवतात आणि त्यांतले काही हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. ही साय कोरडी असताना खुराने किंवा बुटाने चुरडली की परत यायला फार वेळ लागतो. आम्ही दगडावरून दगडावर पाय टाकत चाललो.

जिथे ती फुटली आहे तिथे चीटग्रास. हे युरेशियातून आलेलं एकवर्षीय गवत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेत शिरलं. शरद ऋतूत उगवतं, हिवाळाभर मुळं खाली सरकवत राहतं, आणि इथलं ठोंबांचं गवत जागं होईपर्यंत वरचं पाणी संपवून बसतं. जूनमध्ये वाळून कागदासारखं होतं. झुडपांमधल्या मोकळ्या जागा पूर्वी आगीला अडवायच्या, त्या आता याने भरल्या आहेत. वायोमिंग सेजब्रश जळाला की मेला. तो बुंध्यातून पुन्हा फुटत नाही, बी बारीक आणि जवळपासच पडणारं, मातीत फार काळ टिकतही नाही.

११ जून

पाऊस. गाडी काढलीच नाही. खड्ड्यांच्या जागा नकाशावर फिरवून घेतल्या. उत्तराभिमुख आणि दक्षिणाभिमुख उतार जोडीने घ्यायचे ठरले, नाहीतर उंचीचा परिणाम आणि उताराच्या तोंडाचा परिणाम वेगळे काढता येणार नाहीत.

२४ जून

आजचा दिवस मोसमातला सगळ्यात कामाचा.

मधल्या उंचीवर एक सपाट पदर आहे. त्यावर छातीएवढा उंच करडा सेजब्रश आणि लगेच शेजारी गुडघ्याखालचा, गालिच्यासारखा पसरलेला बुटका सेजब्रश. दोघांच्या मधली सीमा इतकी रेखीव की कोणीतरी कापणी केली असं वाटावं. उतार तोच, उंची तीच, पाऊस तोच, चराईसुद्धा तीच, कारण मध्ये कुंपण नाही. मग फरक जमिनीखालीच असणार. सीमेच्या दोन्ही बाजूंना खड्डे घेतले.

उंच झुडपाखाली: वर काळसर तपकिरी पोयटा, बोटांत भुगा होणारा, दाणेदार. खाली चिकणमाती हळूहळू वाढते, पण कुठेही अडथळा नाही. मुळं मीटरभर खोल गेलेली दिसली आणि त्याखालीही जात होती.

बुटक्या झुडपाखाली: वरचा थर वीतभर, दगडगोट्यांचा. मग एकदम तांबूस चिकणमाती. बदल इतका अचानक की चाकूचं टोक तिथे अडतं. ओली करून अंगठ्याने पुढे ढकलली तर तिची लांब न तुटणारी पट्टी निघते. ढेकूळ फोडून भिंगाखाली धरलं तर पृष्ठभागावर मेणासारखी चकाकी: वरून धुऊन आलेल्या चिकणमातीच्या साली. मुळं या थरावर पोचून आडवी वळली होती. एवढी चिकणमाती खाली उतरून साठायला हजारो वर्षं लागतात, आणि आजच्या पावसाच्या मानाने हे काम जास्तच झालेलं दिसतं. हा थर बहुधा हिमयुगातल्या ओल्या काळाची कमाई असावी.

आता या दोन झुडपांचं कोडं सुटतं. वसंतात हिम वितळलं की पाणी चिकणमातीवर अडतं आणि वरची वीतभर माती आठवडेच्या आठवडे तुडुंब राहते. मोठ्या सेजब्रशच्या मुळांना तिथे हवा मिळत नाही. बुटक्याला ते सोसतं. जुलैत तीच माती वाळून विटेसारखी होते, तेही त्याला सोसतं. म्हणजे कोरड्या डोंगरावरच्या या वनस्पतीची हद्द पाण्याच्या कमतरतेने आखलेली नाही, वर्षातल्या काही आठवड्यांच्या जास्तीच्या पाण्याने आखली आहे. नुसत्या पावसाच्या आकड्यावरून हे कधीच कळलं नसतं.

अशा उथळ, दगडाळ जमिनींवर वसंतात लोमॅटियम आणि बिटररूट फुलतात. दोन्ही जाड मुळांची, पाणी असेल तेवढ्यात उरकून घेणारी. नॉर्दर्न पायूट, म्हणजे इथले मूळ रहिवासी, ही मुळं खणून, वाळवून साठवत आले आहेत. गुरांच्या हिशेबात ही जमीन निकृष्ट ठरते, कारण चारा कमी. कुरणाचं मोल फक्त चाऱ्यात धरण्याची सवय वर्णनांच्या जुन्या भाषेत अजून आहे. यंदा तिथे मुळांच्या वनस्पतींची वेगळी नोंद घालायची.

२५ जून

रात्री तंबूत अतिनील दिव्याची चाचणी. मोठ्या सेजब्रशच्या तीन मुख्य उपजाती दिसायला फसव्या आहेत. पाण्यात पानं चुरगाळून अतिनील प्रकाशात धरली तर डोंगरी उपजात, व्हेसियाना, झगझगीत निळसर उजळते. पानांतली कुमॅरिन गटातली द्रव्यं हे करतात. वायोमिंग उपजातीचं पाणी जवळजवळ अंधारंच राहतं. ही उपजात वेगळी म्हणून नोंदली गेली १९६५ मध्ये. त्याआधीच्या कागदांत ‘मोठा सेजब्रश’ एवढंच लिहिलेलं सापडलं तर त्यावरून साइट ठरवू नये.

पदरावरचे नमुने लख्ख निळे. खालच्या उतारावरचे मंद. मधल्या उंचीवरचे काही नमुने अधलेमधले निघाले. तिथे उपजातींचा संकर असू शकतो, म्हणून त्या पट्ट्याला नाव देण्याची घाई नाही. मातीच्या तापमानाची नोंद येऊ दे.

८ जुलै

जुनिपर या सदाहरित झाडांचा उतार. लांबून हिरवागार दिसतो आणि पाहुण्यांना हेच जंगल ‘मूळचं’ वाटतं. झाडं बहुतेक एका वयाची, शेंडे टोकदार, आकार शंकूसारखा. खाली उघडी जमीन, आणि सेजब्रशचे करडे सांगाडे अजून उभे.

खड्ड्यात काय निघालं? चाळीस सेंटिमीटरहून जाड काळसर थर, भुसभुशीत, दाणेदार, बारीक मुळांनी विणलेला. रंगपट्टीवर ओल्या मातीचा उजाळा ३ पेक्षा कमी (आकडा जितका लहान तितकी माती गडद). ‘मॉलिक’ थराच्या अटी आरामात पुऱ्या होतात: गडद रंग, पुरेसा सेंद्रिय कार्बन, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेली माती. अशी माती वरून पडलेल्या काट्याकुट्यांनी सहसा होत नाही. गवताची बारीक मुळं दर वर्षी मातीच्या आत मरतात, तिथेच कुजतात, आणि हे शतकानुशतकं चालू राहतं तेव्हा एवढ्या खोलवर रंग चढतो. झाडं आज जुनिपरची आहेत, माती मात्र गवत आणि सेजब्रशच्या हाताखाली तयार झालेली आहे.

मग जुने जुनिपर कुठे आहेत? वरच्या खडकाळ सोंडेवर. तिथे जाऊन पाहिलं. शेंडे बोथट, गोलसर, काही फांद्या वाळलेल्या, सालीला बोटं जातील एवढ्या खोल चरा, आणि वाळक्या फांद्यांवर पिवळंजर्द दगडफूल. ही झाडं शेकडो वर्षांची आहेत. ओरेगनमध्ये या जातीची हजार वर्षांपुढची झाडं माहीत आहेत. ती टिकली कारण खडकांमध्ये सलग गवत नाही आणि आग तिथवर पोचत नाही. बुटक्या सेजब्रशच्या उथळ जमिनीवरही याच कारणाने एखाददुसरं म्हातारं झाड दिसतं. खोल मातीवर मात्र एकही म्हातारं नाही, आणि जुना जळका बुंधाही हाती लागला नाही.

९ जुलै

कालच्या उताराचा इतिहास जोडून पाहिला. १८७२ मध्ये पीटर फ्रेंच कॅलिफोर्नियाहून गुरं घेऊन ब्लिट्झन खोऱ्यात आला. पाठोपाठ इतरांची गुरं आणि मेंढ्यांचे मोठमोठे कळप. चराईवर सरकारी लगाम आला तो १९३४ च्या टेलर कायद्याने, म्हणजे मधली साठेक वर्षं ज्याचा कळप आधी पोचला त्याचं गवत. दक्षिण ओरेगनमधल्या झाडांची वयं मोजणाऱ्या अभ्यासांत जुनिपरची वाढ १८७० ते १८९० च्या सुमारास सुरू झालेली दिसते.

साखळी अशी जुळते. गवत खाऊन संपलं, म्हणून आग पसरायला जळण उरलं नाही. पूर्वी डोंगरी सेजब्रशमध्ये आग वरचेवर फिरायची आणि जुनिपरची पोरं जळून जायची. पन्नासेक वर्षांपर्यंतचं जुनिपर आगीत सहज मरतं. आग थांबली, ती वाचली. त्यात एकोणिसाव्या शतकाचा शेवट आणि विसाव्याची सुरुवात तुलनेने ओली-सौम्य गेली, म्हणजे रोपांना हवामानाचीही साथ. पुढे तर आग विझवणं हेच धोरण झालं. एकट्या गुरांवर खापर फोडणारे आणि एकट्या हवामानावर ढकलणारे, दोघंही अर्धीच साखळी सांगतात.

ठोंबांच्या गवतांबद्दल एक गोष्ट वर्णनात ठळक यायला हवी. ब्लूबंच व्हीटग्रास हे इथलं मुख्य गवत कणीस पोटरीत असताना खाल्लं तर फार खचतं, कारण पुन्हा वाढायला लागणारं पाणी तोवर मातीतून संपत आलेलं असतं. तेच गवत वाळल्यावर खाल्लं तर फारसं बिघडत नाही. ‘किती गुरं’ इतकंच ‘कोणत्या आठवड्यात’ महत्त्वाचं आहे.

२३ जुलै

वर. वळसा-रस्ता पूर्ण उघडा आहे.

इतर कोरड्या डोंगरांवर सेजब्रश संपला की पाइन-फरचा पट्टा लागतो. स्टीन्सवर फरच्या किरकोळ राया सोडल्या तर तो पट्टाच नाही. जुनिपर विरळ होतो आणि अ‍ॅस्पेन सुरू होतो, तोही जिथे हिम उशिरापर्यंत रेंगाळतं अशा खळग्यांत आणि झऱ्यांकाठी. खडकाळ धारांवर माउंटन महोगनी: कडा आत वळलेली चामडी पानं, बियांना पिसासारखी शेपटी, आणि मुळांच्या गाठींत नायट्रोजन बांधणारे जीवाणू. माती जवळजवळ नसलेल्या जागी हे झाड शेकडो वर्षं कसं काढतं, त्याचं थोडं उत्तर त्या गाठींत असावं.

हिम कुठे पडतं यापेक्षा वारा ते कुठे नेऊन टाकतो यावर इथली वनस्पती ठरते. नैर्ऋत्येचा वारा धारा झाडून काढतो आणि आडोशाच्या ईशान्य उतारांवर ढीग लावतो. एकाच पावसाच्या आकड्याखाली धारेवर जवळपास वाळवंट आणि पन्नास पावलांवर हिरवळ. ढिगाच्या अगदी मध्ये, जिथे हिम सगळ्यात शेवटी जातं, तिथे पुन्हा उघडी माती, कारण वाढायला दिवसच उरत नाहीत.

कायगर आणि लिटल ब्लिट्झनच्या घळी वरून पाहिल्या. हिमनद्यांनी कोरलेल्या, तळ गोल. घळींतली माती तरुण आहे, तिच्यात जूनमधल्या पदरावरच्यासारखा चिकणमातीचा थर शोधून उपयोग नाही. स्टीन्सचा म्हणून ओळखला जाणारा काटेरी थिसल रस्त्याकडेला फुललेला होता. फोटो काढला, तोडला नाही.

५ ऑगस्ट

पूर्वेला आल्व्हर्ड. प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, पण पर्वताने अडवलेला पाऊस म्हणजे काय ते इथे कळतं. वर्षाला १८० मिलिमीटरच्या आसपास. हिमयुगात इथे तळं होतं, त्याच्या काठाच्या रेषा उतारांवर दिसतात. आता सपाट, क्षारांनी पांढरी माती, कडेने ग्रीझवुड आणि खारगवत. दुपारी उभं राहवेना.

१९ ऑगस्ट

तापमापकांच्या नोंदी उतरवल्या. मातीचं तापमान पन्नास सेंटिमीटरवर मोजतात, तिथे दिवसरात्रीचा चढउतार पोचत नाही. वार्षिक सरासरी ८ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर ‘फ्रिजिड’ किंवा, उन्हाळाही थंड असेल तर, ‘क्रायिक’. ८ ते १५ मध्ये ‘मेसिक’. वर्ष पुरं झालेलं नाही, म्हणून सरासरी आज लिहीत नाही. पण मधल्या उंचीवरच्या जोडउतारांतला फरक आताच स्पष्ट आहे: दक्षिणाभिमुख उतार त्याच उंचीच्या उत्तराभिमुखापेक्षा खालच्या उतारासारखा जास्त वागतो. तिथे ब्लूबंच आणि कडेकडेने चीटग्रास, इकडे आयडाहो फेस्क्यू हे दुसरं ठोंबांचं गवत.

जुनिपर तोडण्याचा प्रश्न इथे येऊन अडतो. थंड, ओलसर मातीवर झाडं काढली की दबून राहिलेलं गवत बहुधा परत उठतं. उबदार, कोरड्या मातीवर, त्यातही खालचं गवत आधीच संपलेलं असेल तर, मोकळी जागा चीटग्रास घेतो. करवत तीच, निकाल उलटा. म्हणून तोडणीचा सल्ला वनस्पतीच्या नकाशावरून देऊ नये, मातीच्या तापमानाच्या नकाशावरून द्यावा, हे माझं मत वर्णनात जाईल.

वरची माती आता पीठ झाली आहे. सेजब्रशने वसंतातली मोठी पानं गाळली, बारीक त्रिदंती पानं ठेवली. पण झुडपाच्या अगदी बुंध्याशी पहाटे खणलं तर माती किंचित गार लागते. खोल मुळांनी ओढलेलं पाणी रात्री, पानांची तोंडं मिटलेली असताना, वरच्या कोरड्या मातीत झिरपतं. युटामध्ये रिचर्ड्स आणि कॉल्डवेल यांनी १९८७ मध्ये हे सेजब्रशवर दाखवलं. हाताला लागलेल्या गारव्याला मी पुरावा म्हणणार नाही. त्यासाठी ओलाव्याचे संवेदक वेगवेगळ्या खोलीवर बसवले आहेत.

३० सप्टेंबर

जुनिपरच्या उताराच्या वर्णनावर आज दिवसभर वाद. माझा मसुदा: संदर्भस्थिती, म्हणजे माणसाने ढवळाढवळ केली नसती तर जे वाढलं असतं ते, डोंगरी सेजब्रश आणि आयडाहो फेस्क्यूची, आधार जाड मॉलिक थर, सेजब्रशचे सांगाडे आणि खोल मातीवर म्हाताऱ्या झाडांचा अभाव. वनस्पतींचं काम पाहणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं, जुनिपरला इतकं उपरं ठरवू नका. डायमंड पाँड या तळ्याच्या गाळातल्या परागकणांवरचं पीटर विगँड यांचं १९८७ मधलं काम त्याने पुढे ठेवलं. हजारो वर्षांत इथे जुनिपर ओलाव्याबरोबर पसरला आणि आटलाही आहे.

त्याचा मुद्दा मान्य. जुनिपर इथलाच आहे. पण परागकण आसपासच्या सगळ्या मुलखाचं सांगतात, खड्डा त्या एका उताराचं सांगतो. तळ्यात जुनिपरचे पराग वाढले तेव्हा तो याच खोल मातीवर आला होता की खडकाळ सोंडांवर दाट झाला होता, हे परागकणांतून कळत नाही. ते कळण्याची एक वाट आहे. गवताच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण बनतात, गवत कुजलं तरी ते मातीत राहतात, आणि गवताखालच्या मातीत त्यांचं प्रमाण झाडाखालच्या मातीपेक्षा बरंच जास्त असतं. उतारावरचे आणि सोंडेवरचे नमुने थरवार वेगळे बांधून प्रयोगशाळेकडे धाडले.

तोपर्यंत वर्णनात एकच चित्र न देता पल्ला द्यायचा, असं ठरलं: आगीनंतरचं गवताळ रूप, मधलं मिश्र, आणि दीर्घकाळ आग न लागलेलं, जुनिपर शिरत असलेलं. तिन्ही त्याच मातीवरची. साइटचं नाव ‘लोमी १२–१६’च राहील, पण त्याखाली पहिल्याच ओळीत हिम कोणत्या महिन्यात जातं ते येईल, आणि उताराचं तोंड. क्लेपॅनची साइट वेगळी, तिच्याबद्दल कोणाचाच वाद नाही.

मधल्या उंचीवरचा संकरित पट्टा रिकामा सोडला आहे. तिथले तापमापक हिवाळाभर राहतील. फाटकं बंद होण्याआधी त्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या आणि ओलाव्याच्या संवेदकांच्या वायरी जाड नळीत घालायच्या, कारण दोन वायरी उंदरांनी आधीच कुरतडल्या आहेत.